किराणा दुकानात ‘कमी टक्क्यांची’ दारू ठेवता येते का? (ठाणे, घोडबंदर रोड)

घोडबंदरचा वाणी यांचा प्रश्न (खालची उत्तरं इतर सभासदांची, प्रत्येकाच्या वर त्याचं टोपणनाव)

कासारवडवलीला सोसायटीच्या तळमजल्यावर ११५० चौरस फुटांचं सेल्फ-सर्व्हिस किराणा दुकान आहे. गुमास्ता आहे, फूड लायसन्स आहे, जीएसटी कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची उलाढालीवर ठरावीक दराची योजना) आहे. चुलतभाऊ अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबसला असतो. त्याने तिथल्या ग्रोसरीतला फोटो पाठवला: ज्यूस आणि चिप्सच्या शेजारी व्होडकाची बाटली, लेबलवर ‘४२ प्रूफ’. तिथे म्हणे कमी प्रूफचं मद्य किराण्यात चालतं.

गिऱ्हाईक ब्रीझर (फळांच्या चवीचं सौम्य मद्यपेय), वाईन आणि ०.० (बिनअल्कोहोलची) बिअर रोज विचारतात. म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्याकडे अमुक टक्क्यांच्या खाली परवाना लागत नाही अशी काही मर्यादा आहे का? २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईनचा निर्णय झाला होता, त्याचं पुढे काय झालं? आणि ०.० बिअर ठेवली तर एक्साइजवाले येऊन विचारतील का? डिस्ट्रिब्युटर म्हणतो ‘बिनधास्त ठेवा’, पण हेच तो ब्रीझरबद्दलही म्हणाला, त्यामुळे त्याच्यावर भरवसा नाही.

---

बेलापूर पट्टी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. अशी टक्क्यांची मर्यादा आपल्याकडे नाही.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ (आधीचा मुंबई दारूबंदी अधिनियम) यातली ‘दारू’ची व्याख्या टक्क्यांवर बेतलेली नाही. स्पिरिट, वाईन, बिअर, ताडी आणि ज्या ज्या द्रवात अल्कोहोल आहे तो प्रत्येक द्रव तिच्यात येतो. कायद्याची मूळ बांधणीच अशी आहे की सगळ्याला बंदी, आणि मग परवाना, परमिट किंवा सूट मिळेल तेवढीच वाट मोकळी. त्यामुळे ‘यात फक्त ४.८ टक्के आहे’ हा बचाव होत नाही. ४.८ टक्क्यांचं ब्रीझर विनापरवाना विकलं काय आणि ४२.८ टक्क्यांची व्हिस्की विकली काय, गुन्हा कलम ६५ (ई) खालीच नोंदतात.

टक्क्यांचा फरक आपल्याकडे पडतो, पण तो दुकानाच्या प्रकारात पडतो. एफएल-२ म्हणजे आपण ज्याला वाईन शॉप म्हणतो ते, तिथे सगळं विदेशी मद्य (इथे बनलेली व्हिस्की-रमही त्यातच धरतात) सीलबंद मिळतं. एफएल/बीआर-२ म्हणजे बिअर शॉपी: बिअर, वाईन आणि ब्रीझरसारखी सौम्य पेयं, तीही सीलबंदच. एफएल-३ परमिट रूम, सीएल-३ देशी दारूचं दुकान. या यादीत किराणा दुकान कुठेच नाही. वयाची अटही याच धाग्याने जाते, बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५. म्हणजे सरकारला सौम्य आणि कडक हा भेद मान्य आहे, पण त्याचा फायदा वाण्याला दिलेला नाही.

तुमच्या डिस्ट्रिब्युटरला एवढंच म्हणा की ब्रीझरचं बिल आणि टीपी दोन्ही माझ्या दुकानाच्या नावावर दे. टीपी म्हणजे वाहतूक पास, आणि तो परवानाधारकाच्या नावावरच निघतो. त्याची बोलती तिथेच बंद होईल.

---

एरी सरोवर

ओहायोपुरतं सांगतो, कारण त्या फोटोचा घोटाळा बऱ्याच लोकांना होतो.

अमेरिकेत १९३३ च्या डिसेंबरमध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने दारूबंदी उठली आणि विक्रीचे नियम ठरवणं राज्यांकडे गेलं. त्यामुळे ‘अमेरिकेत असं चालतं’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. कॅलिफोर्नियात किराणा दुकान योग्य परवाना काढून व्हिस्कीसुद्धा विकतं. न्यूयॉर्क राज्यात ग्रोसरीत बिअर मिळते, वाईन नाही. कोलोरॅडोत वाईन किराण्यात आली ती २०२२ च्या सार्वमतानंतर, मार्च २०२३ पासून. युटात ग्रोसरीतल्या बिअरची मर्यादा नोव्हेंबर २०१९ मध्ये ५ टक्क्यांवर गेली. त्याआधी ती वजनाने ३.२ टक्के, म्हणजे आकारमानाने साधारण ४ टक्के होती.

ओहायोत कडक मद्याचा व्यवहार राज्याच्या ताब्यात आहे आणि ते राज्याने नेमलेल्या एजन्सी दुकानांतूनच मिळतं. पण तिथल्या कायद्यात ‘कडक मद्य’ म्हणजे २१ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं. २१ किंवा त्याखाली आलं की ते ‘मिश्र पेय’ या वर्गात जातं आणि तसा परवाना असलेलं किराणा दुकान ते विकू शकतं. तिथेही परवाना लागतोच, फक्त तो किराण्याला मिळतो. म्हणून कंपन्या पाणी घालून बरोबर २१ टक्क्यांवर आणलेला माल खास या दुकानांसाठी भरतात. लेबल नेहमीच्या बाटलीसारखंच दिसतं आणि नवखा माणूस तीच व्होडका समजून घेऊन जातो.

आता प्रूफचा हिशेब. अमेरिकी प्रूफ म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट, म्हणून ४२ प्रूफ = २१ टक्के. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या लेबलवर ‘२५ यूपी’ आणि ४२.८ टक्के असतं ती ब्रिटिश मोजणी. तिच्यात प्रूफ स्पिरिट म्हणजे ५७.१ टक्के. त्याच्या २५ टक्के खाली, म्हणजे ५७.१ चे ७५ टक्के, म्हणजे ४२.८. ४२ प्रूफ आणि ४२.८ टक्के हे आकडे शेजारी ठेवले की सारखे वाटतात, पण पहिल्याची ताकद दुसऱ्याच्या निम्मी आहे.

दुसरं असं की ‘कमी टक्के म्हणजे कमी दारू’ हे बाटलीचा आकार पाहिल्याशिवाय म्हणू नका. ४२.८ टक्क्यांच्या ६० मिलि पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण २६ मिलि. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलि बाटलीत ५२ मिलि. १३ टक्क्यांच्या वाईनच्या ७५० मिलि बाटलीत ९७ मिलिच्या वर. ओहायोतली ती ‘सौम्य’ ७५० मिलि बाटली घेतली तरी १५७ मिलि, म्हणजे सहा पेग.

---

नकाशावाला

२०२२ चं प्रकरण बऱ्याच दुकानदारांच्या डोक्यात अजून अर्धवट बसलंय.

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि वॉक-इन स्टोअरमध्ये वाईन विक्रीला मान्यता दिली. अटी अशा होत्या: दुकान किमान १०० चौरस मीटर (साधारण १००० चौरस फूट), दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदलेलं, आत २.२५ घनमीटरचं स्वतंत्र कपाट, वर्षाला ५००० रुपये फी. शाळा आणि प्रार्थनास्थळाजवळ नाही, आणि दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत, म्हणजे वर्धा आणि गडचिरोलीत, अजिबात नाही. फक्त वाईन. बिअर नाही, ब्रीझर नाही.

निर्णयामागचा हेतू नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांना आणि छोट्या वायनरींना थेट बाजार मिळावा असा सांगितला गेला. विरोध लगेच उभा राहिला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. मसुदा हरकतींसाठी जनतेपुढे ठेवला गेला, जूनच्या अखेरीस सरकार बदललं आणि अंतिम नियम निघालेच नाहीत. मंत्रिमंडळाचा निर्णय म्हणजे परवाना नव्हे. नियमात दुरुस्ती होऊन राजपत्रात आल्याशिवाय जिल्हाधिकारी कार्यालयाकडे तुमचा अर्ज घ्यायला नमुनाच नाही.

हे लिहितोय कारण ‘सुपरमार्केट वाईन लायसन्स करून देतो’ म्हणणारे एजंट अधूनमधून दिसतात. कशाच्या आधारावर परवाना मिळणार ते विचारा आणि अधिसूचनेचा क्रमांक मागा. तो नसेल तर तुम्ही पैसे हवेत सोडताय. तुमचं क्षेत्रफळ त्या अटीत बसतं हे खरं, पण त्यासाठी आत्तापासून कपाट करून ठेवण्यात अर्थ नाही. नियम कधी आले तर माप तेच राहील याची खात्री कोण देणार?

---

शून्य टक्के

०.० बद्दल. हे चालतं, फक्त लेबल वाचून माल घ्या.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यासाठीचे नियम २०१८ चे, लागू १ एप्रिल २०१९ पासून. त्यात ०.५ टक्क्यांच्या वर अल्कोहोल म्हणजे मद्य. बिअरचा पट्टा ०.५ ते ८ टक्के. लोक इथेच घसरतात: ‘०.५ पर्यंत नॉन-अल्कोहोलिक’ हा अन्नसुरक्षेचा नियम झाला. दारूबंदी कायद्याची व्याख्या वर दिलीच आहे, तिथे ०.५ ची सूट लिहिलेली नाही. म्हणून किराण्यात ठेवायचा माल ज्याच्या लेबलवर ०.० किंवा ०.०० लिहिलंय तोच. ‘०.५ टक्क्यांपेक्षा कमी’ असं लिहिलेले आयात कॅन काही डिस्ट्रिब्युटर गळ्यात मारतात. नफा थोडा जास्त असतो आणि वादाची जागाही. घेऊ नका.

बिल घेताना एचएसएन (जीएसटी बिलावरचा मालाचा वर्ग-क्रमांक) बघा. नॉन-अल्कोहोलिक बिअर २२०२ मध्ये येते. बिलावर २२०३ असेल तर ती खरी बिअर, मग दुकानात उतरवून घेण्याआधीच परत पाठवा. कॅनवर ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक’ अशा अर्थाचा वैधानिक इशारा छापलेला असेल तरी थांबा, तो इशारा मद्यालाच लागतो.

मांडणीबद्दल एक मत, कायदा नव्हे: ०.० चे कॅन लहान मुलांच्या ज्यूस-फ्रिजमध्ये लावू नका, आणि वर ‘बिअर मिळेल’ अशी पाटी तर नकोच. दारूबंदी कायद्याच्या कलम २४ खाली दारूच्या वापराला उत्तेजन देणारी जाहिरात गुन्हा आहे. ०.० च्या ब्रँडचं नाव तेच असतं जे खऱ्या बिअरचं, त्यामुळे पोस्टर लावलंत की खुलासे करत बसावं लागेल. माल ठेवा, पोस्टर डिस्ट्रिब्युटरला परत द्या.

किराण्यातल्या इतर वस्तूंकडेही एकदा नजर टाका. व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असतं, पण इसेन्स, सिरप, औषधी आणि प्रसाधनं जी पिण्याजोगी नाहीत त्यांना कलम २४अ मध्ये सूट आहे. तिथे काळजी नाही. कुकिंग वाईन आणि अल्कोहोल असलेली जपानी मिरिन (स्वयंपाकात घालायचं तांदळाचं गोड मद्य) यांचं तसं नाही, ती पिता येतात. बिनअल्कोहोलची ‘मिरिन स्टाइल’ मिळते, ती ठेवा. कोम्बुचाचं, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या पेयाचं, वेगळंच. पाश्चराइज न केलेल्या बाटलीत यीस्ट जिवंत असतं. गोदामात किंवा बंद टेम्पोत ३५ अंशांत दोन-चार दिवस राहिली की आंबणं पुढे सरकतं, दाब वाढतो आणि अल्कोहोलही ०.५ च्या वर जाऊ शकतं. फुगलेलं झाकण हीच खूण. थंड साखळीत येत असेल तरच घ्या, आल्या आल्या ४ अंशांच्या फ्रिजमध्ये टाका, फुगलेली परत करा.

---

घोडबंदरचा वाणी

सगळ्यांचे आभार. ब्रीझरचा विषय संपला, ०.० ठेवतो.

आता पुढचा प्रश्न. दुकानाला लागून २१० चौरस फुटांचा गाळा रिकामा होतोय. तिथे रीतसर बिअर शॉपी काढली तर? दोन गाळ्यांच्या मधली भिंत पाडून आतून दार ठेवता येईल का, म्हणजे एकच माणूस दोन्हीकडे बघेल? आणि साडूंना असंच खारघरला करायचंय, तिथेही ठाण्याच्याच ऑफिसात अर्ज करायचा का?

---

नकाशावाला

आतून दार नको. परवाना माणसाबरोबर जागेलाही असतो. अर्जासोबत जो नकाशा मंजूर होतो त्या चौकटीतच साठा आणि विक्री. किराण्यातून बिअर शॉपीत उघडणारं दार नकाशात दाखवलंत तर पाहणीत अडकेल, न दाखवता पाडलंत तर पुढच्या तपासणीत विनापरवाना फेरबदल म्हणून अडकेल. स्वतंत्र दर्शनी शटर, स्वतंत्र वीज मीटर, स्वतंत्र गल्ला. किराण्याच्या फ्रिजमध्ये ‘तिकडची’ एकसुद्धा पेटी ठेवली तर तो विनापरवाना साठा. मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी जागा कमी पडते आणि नेमकं हेच होतं.

खारघरचं: नवी मुंबई महापालिकेची हद्द, म्हणजे दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत, ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. परवान्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा, म्हणून साडूंची फाइल अलिबागला जाणार. पत्त्यात ‘नवी मुंबई’ लिहिलं म्हणून ठाण्याला अर्ज केला तर तो परत येईल आणि मधला वेळ वाया जाईल. शिवाय खारघरमध्ये दारूच्या दुकानांना रहिवाशांचा विरोध जुना आणि संघटित आहे. कागद पूर्ण असले तरी तिथे हरकती येणार हे धरूनच गाळ्यात पैसे घाला.

जागेची तपासणी अर्जाच्या आधी स्वतः करा. क्रम असा ठेवा.

आधी अंतर. शिक्षणसंस्था, धार्मिक संस्था, एसटीचं स्थानक किंवा आगार यांपासून ७५ मीटर. हे अंतर हवाई नाही. तुमच्या दुकानाच्या दाराच्या मध्यापासून, पादचारी नेहमी ज्या जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने, समोरच्या संस्थेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजायचं. कुंपणभिंत नसेल तर इमारतीच्या जवळच्या दाराच्या मध्यापर्यंत. मोबाइलच्या नकाशावर रेघ ओढून ६० मीटर येतं म्हणून जागा सोडणारेही आहेत आणि ९० येतं म्हणून डिपॉझिट देऊन बसणारेही. चाकाचं माप घेऊन चाला. शाळेला मागचं फाटक आहे का ते बघा, कारण जवळचं फाटक धरतात, मुख्य नव्हे. घोडबंदर रोडसारख्या रस्त्यावर डिव्हायडर असला की वाट कुठून धरायची यावर वाद होतो. डिव्हायडरमध्ये लोकांनी पाडलेली फट असेल तर हरकत घेणारा तीच ‘नेहमीची वाट’ म्हणणार. ७५ च्या काठावरची जागा मी तरी घेऊ देणार नाही, निदान १०० हवेत.

खाजगी कोचिंग क्लास शिक्षणसंस्थेत धरत नाहीत. पूर्वप्राथमिक शाळा धरतात, आणि सोसायट्यांच्या तळमजल्यावर त्या भरपूर आहेत. देवळाचं असं की सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या विश्वस्त संस्थेचं देऊळ नक्की मोजलं जातं. सोसायटीच्या आवारातली घुमटी नोंदलेली आहे की नाही ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या नोंदीत बघा, सेक्रेटरीच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

मग महामार्ग. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरची मनाई केली, २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ती पुढे २२० मीटर झाली. जुलै २०१७ मध्ये महापालिका-नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना हा आदेश लागू नसल्याचं स्पष्ट झालं. त्यामुळे कासारवडवलीला तो अडसर नाही. पण हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीत, पनवेलच्या पुढे वगैरे, कोणी ‘आता ते सगळं उठलं’ म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

तिसरं सोसायटी. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झालं की गृहनिर्माण सोसायटीच्या व्यापारी गाळ्यात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत हवं. खरा अडथळा इथेच येतो. चेअरमनच्या सहीचं पत्र आणू नका, सर्वसाधारण सभेचा ठराव आणा: सभेची नोटीस, विषयपत्रिकेत हा विषय स्पष्ट, इतिवृत्तात मतांची नोंद. ‘आयत्या वेळचे विषय’ यात उरकलेला ठराव पहिल्याच तक्रारीत कोसळतो. मोठ्या संकुलात सात-आठ सोसायट्या आणि वर फेडरेशन असतं. तुमचा गाळा ज्या नोंदणीकृत सोसायटीचा सभासद आहे तिचा ठराव हवा. फेडरेशनचं पत्र जोडल्याने बिघडत नाही, पण एकटं पुरत नाही.

शेवटी ओसी. भोगवटा प्रमाणपत्रात त्या जागेचा वापर ‘दुकान’ असाच हवा. नवी मुंबईत सिडकोच्या रो-हाउसचे तळमजले आणि स्टिल्ट बंद करून केलेली दुकानं खूप आहेत, भाडं कमी असतं म्हणून लोक तिथे जातात आणि ओसीपाशी अर्ज संपतो. गाळ्याच्या मूळ खरेदी करारातही बघा, काही बिल्डर ‘दारू आणि मांस विक्रीस मनाई’ असं कलम घालतात.

---

कलम १०

अंतर आणि ठराव याबद्दल वर सगळं आलंय. कराची बाजू कोणी काढली नाही, आणि प्रश्नकर्ते कंपोझिशनमध्ये आहेत म्हणून लिहितो.

पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे, ती राज्याच्या व्हॅटमध्ये. जीएसटी कायद्याचं कलम १०(२) म्हणतं की ज्या मालावर जीएसटी लागतच नाही असा माल विकणारा कंपोझिशनमध्ये राहू शकत नाही. पॅन एकच असेल तर शेजारच्या गाळ्यातली पहिली बिअर विकली त्या दिवशी तुमच्या किराण्याचं कंपोझिशन गेलं. उलाढाल दीड कोटीच्या आत असली तरीही. हे कळलं नाही आणि वर्षभर १ टक्क्याने भरत राहिलात, तर फरकाची रक्कम, व्याज आणि दंड एकदम निघतो, आणि गिऱ्हाईकाकडून तो कर वसूल करायची संधी केव्हाच गेलेली असते.

नियमित जीएसटीत गेलात तर दुसरी अडचण. दारूची विक्री ‘करमुक्त पुरवठा’ धरली जाते, म्हणून सामाईक खर्चावरचं (भाडं, अकाउंटंट, कॅमेरे, सॉफ्टवेअर) इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, नियम ४२ प्रमाणे उलाढालीच्या प्रमाणात परत करावं लागतं. समजा महिन्याची किराणा विक्री ६ लाख आणि बिअर ४ लाख, आणि सामाईक क्रेडिट १०,००० रुपये. त्यातले ४००० उलटवायचे. म्हणून भाडेकरार, बिलं, बँक खातं पहिल्यापासून वेगळं ठेवा म्हणजे ‘सामाईक’ या सदरात कमी पडेल.

याला सरळ उपाय म्हणजे परवाना वेगळ्या पॅनवर, उदाहरणार्थ वेगळ्या भागीदारी संस्थेच्या नावाने, अर्ज करण्याच्या आधी. परवाना मिळाल्यावर नाव फिरवणं किंवा भागीदार घेणं-काढणं याला खात्याची मंजुरी आणि फी दोन्ही लागतात. पण नावापुरता भाऊ किंवा मेव्हणा पुढे करून धंदा स्वतः चालवू नका. ज्याच्या नावावर परवाना, त्यानेच धंदा करायचा, ही परवान्याची मूळ अट आहे.

---

बेलापूर पट्टी

वरच्या शेवटच्या मुद्द्याला जोड. कोणीतरी इथे येऊन ‘बिअर शॉपी कशाला, वाईन शॉपचं लायसन्स चालवायला घ्या’ असं सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. एफएल-२ चे नवे परवाने राज्यात १९७० च्या दशकापासून बंद आहेत. जे आहेत तेच हस्तांतरित होतात आणि त्यामुळेच त्यांना कोटींत भाव येतो. २०२५ मध्ये ३२८ नवे परवाने देण्याचा विषय निघाला, पण तो मद्य बनवणाऱ्या कंपन्यांसाठीचा होता, आणि त्यावरही गदारोळ झाला. महिन्याचा आकडा ठरवून दुसऱ्याचा परवाना ‘चालवायला’ घेणं म्हणजे परवाना त्याचा, माल तुमचा आणि गुन्हा दोघांचा. शिवाय त्या करारावर कोर्टात पैसे वसूल करता येत नाहीत, कारण करारच बेकायदा.

आणि भाव पडण्याच्या आशेवर कमी टक्क्यांचं काही येईल असं वाटत असेल तर जून २०२५ चा शुल्कबदल बघा. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क जाहीर निर्मिती खर्चाच्या ३ पटींवरून ४.५ पट झालं (निर्मिती खर्च लिटरला २६० रुपयांपर्यंत असलेल्या मालासाठी). देशीवरचं प्रूफ लिटरला १८० वरून २०५ रुपये. शिवाय धान्यापासूनचा ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा वर्ग आला, १८० मिलिची किमान किंमत १४८ रुपये, देशी ८०, विदेशी २०५. देशीचं शुल्क प्रूफ लिटरवर, म्हणजे ताकदीवर मोजतात. विदेशीचं खर्चाच्या पटीत, तिथे पाणी वाढवून बाटली तेवढ्या प्रमाणात स्वस्त होत नाही. ओहायोसारखा २१ टक्क्यांचा माल इथे कोणी का भरत नाही याचं अर्धं उत्तर यात आहे. उरलेलं अर्धं अन्नसुरक्षेच्या नियमांत: ऊर्ध्वपातित मद्याचा पट्टा ३६ ते ५० टक्के. २१ टक्क्यांची साधी व्होडका त्या वर्गात बसतच नाही.

---

शून्य टक्के

बिअर शॉपी मिळालीच तर चालवताना कुठे चुकतं ते थोडक्यात.

बिअर शॉपीत माल फक्त सीलबंद. गिऱ्हाईक बाहेर तुमच्या पायरीवर कॅन उघडून उभं राहिलं की दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ आणि ८४ ची (दारू पिण्याचा अड्डा चालवणं आणि तिथे पिणं) भाषा सुरू होते, ‘आम्ही बघितलं नाही’ चालत नाही. दर्शनी भागात दोन कॅमेरे, पायरीवर बसायला कट्टा नको, चकणा-ग्लास विकू नका. ग्लास आणि शेंगदाणे शेजारच्या किराण्यातून गेले तरी पाहणारा दोन्ही दुकानांना एकच धरतो.

साठ्याचं रजिस्टर ब्रँडवार, मापवार आणि रोजचं. तपासणीत पहिली गोष्ट म्हणजे रजिस्टरची शिल्लक आणि कपाटातल्या बाटल्या जुळवणं. फुटलेली बाटली त्याच दिवशी लिहायची, महिन्याअखेर ‘तूट’ म्हणून नाही. टीपीची प्रत मालाबरोबरच फाइलला लावा. कामाला ठेवलेल्या माणसाचा नोकरनामा (दुकानात विक्रीला बसायची परवानगी) खात्याकडून करून घ्या, किराण्यातला पोऱ्या ‘तासभर बसतो’ म्हणून गल्ल्यावर नको.

परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नूतनीकरणाची फी मार्च संपायच्या आत. गाळा ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर असेल तर करार वर्षाच्या मध्येच संपतो आणि नूतनीकरणाला चालू करार नसतो. तीन किंवा पाच वर्षांचा नोंदणीकृत करार करा, आणि मालकाच्या संमतीत ‘बिअर-वाईनच्या किरकोळ विक्रीसाठी’ हे शब्द स्पष्ट असू द्या. नुसतं ‘व्यापारी वापर’ पुरत नाही.

मतदानाच्या वेळी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ (सी) खाली मतदान संपण्याआधीचे ४८ तास बंद, मतमोजणीचा दिवस आदेशात वेगळा दिलेला असतो. बाकी ड्राय डे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाप्रमाणे. ठाणे आणि रायगडचे आदेश वेगळे निघतात, त्यामुळे साडूंच्या दुकानाची तारीख बघून तुमचं शटर उघडू नका.

---

घोडबंदरचा वाणी

चाकाने मोजलं. गाळ्यापासून मागच्या गल्लीतल्या पूर्वप्राथमिक शाळेच्या फाटकापर्यंत ६८ मीटर, मुख्य फाटकापर्यंत ११२. पुढच्या चौकातला दुसरा गाळा बघतोय, त्याच्या ओसीची प्रत मागवली आहे.

---

नकाशावाला

मागच्या फाटकाला कायमचं कुलूप असलं तरी ६८ च धरा. शाळेने उद्या कुलूप काढलं तर नूतनीकरणाला हरकत तयार. दुसऱ्या गाळ्यासाठी ओसीबरोबर मंजूर नकाशाचीही प्रत घ्या आणि गाळा क्रमांक दोन्हीकडे तोच आहे का ते ताडून बघा. बिल्डरने विक्रीनंतर गाळ्यांचे क्रमांक बदललेले असतात, आणि अर्जातला क्रमांक ओसीशी जुळला नाही की फाइल परत येते.